एफ.वाय. बी.एस्सी. बायोलॉजी: प्रवेशापासून पहिल्या प्रॅक्टिकल परीक्षेपर्यंत काय, कधी आणि कोणाकडे

बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक घेऊन एफ.वाय.ला आलेली मुलं दरवर्षी ठरलेल्या ठिकाणी अडखळतात. ऑगस्टात कागद अपुरे, सप्टेंबरात जर्नल (प्रॅक्टिकलची वही) कोरं, ऑक्टोबरात हजेरी कमी असलेल्यांच्या डिफॉल्टर यादीत नाव, आणि मदत मागायला येतात ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. अभ्यास झेपत नाही म्हणून असं होणारी मुलं थोडी. बाकीच्यांचा घोळ कामांच्या क्रमात असतो. बारावीपर्यंत वर्गशिक्षक आणि क्लासवाले मागे लागायचे. कॉलेजात मदत करणारी माणसं पुष्कळ असतात, पण आपण होऊन कोणी शोधत येत नाही.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या पारंपरिक विद्यापीठांची कॉलेजं डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. विद्यापीठागणिक नियम थोडे बदलतात. जिथे बदलतात तिथे नेमकं काय विचारायचं ते दिलं आहे.

## १. पहिला आठवडा: कागदांची फाइल

प्रवेश झाला, फी भरली, म्हणजे झालं असं समजून मुलं घरी जातात. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत कॉलेज जमा करून घेतं. ती देण्याआधी रंगीत स्कॅन आणि चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांच्या मूळ प्रती मात्र तपासून परत मिळायला हव्यात. उच्च शिक्षण संस्थांनी मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) २०१८ मध्ये बजावलेलं आहे. काउंटरवर वाद घालू नका, 'परत कधी मिळतील' एवढं विचारा आणि पोच घ्या.

मग हे क्रमाने:

१. नाव जुळवा. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि कॉलेजचा प्रवेश अर्ज या तिन्हींवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं आद्याक्षर असेल, तरी पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो. आधारवरची दुरुस्ती आत्ताच करा.

२. आधारला मोबाइल आणि बँक खातं जोडा. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो तुमच्या हातात हवा, गावी काकांकडे असलेला नको. बँकेत जाऊन 'माझं खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारला सीड झालंय का' असंच विचारा. नुसतं 'आधार लिंक आहे का' विचारलं तर केवायसी बघून 'हो' म्हणतात, आणि पैसे भलत्याच जुन्या खात्यात जातात.

३. एबीसी आयडी काढा. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा हा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून मिळतो. तुमची क्रेडिट्स याच क्रमांकावर जमा होतात. हल्ली याच क्रमांकासाठी अपार आयडी हे नावही कानावर पडेल. शाळेतच निघालेला असेल तर पुन्हा नवीन काढू नका, असलेलाच क्रमांक शोधा.

४. पीआरएन आणि एलिजिबिलिटी (विद्यापीठाकडून प्रवेशाची पात्रता तपासणी). विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक मिळाला की तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. सीबीएसई, एनआयओएस किंवा परराज्यातल्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं. हा कागद राहिला की पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवतात, आणि ते कळतं थेट निकालाच्या दिवशी.

५. अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र ऑनलाइन भरा. पाच मिनिटांचं काम आहे.

> तपासा: फाइलमध्ये उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, असल्यास जात वैधता, अधिवास, शिधापत्रिका, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, पासपोर्ट आकाराचे आठ-दहा फोटो आणि फीची पावती आहे ना? पावती बहुतेकांची हरवते, आणि नेमकी तीच सगळीकडे मागतात.

## २. विषय निवडताना

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह), व्हीएससी (व्यवसाय कौशल्य), एसईसी (कौशल्यवाढ), एईसी (भाषा-क्षमता), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा) ही अक्षरं बघून मुलं घाबरतात आणि शेजारचा जे टिक करतो तेच टिक करतात. पुढचे घोटाळे इथूनच सुरू होतात.

आधी एकच प्रश्न विचारा: आपल्या विद्यापीठात मेजर पहिल्या सत्रातच ठरतो, की पहिल्या वर्षी तीन विषय सारखे शिकून दुसऱ्या वर्षी ठरवायचा? दोन्ही पद्धती चालू आहेत. तीन विषयांची पद्धत असेल तर केमिस्ट्री त्या तिघांत ठेवा, असा माझा आग्रह आहे. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फार्माशी संबंधित नोकऱ्या, कुठेही जायचं म्हटलं तरी केमिस्ट्री आडवी येते. 'मला केमिस्ट्री आवडत नाही म्हणून बायो घेतलं' हे वाक्य दर जुलैत ऐकू येतं आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या वेळी महागात पडतं.

ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. तिथे 'सोपा कुठला' यापेक्षा त्याचा तास तुमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचवर येतो का ते बघा. वेळापत्रकाची टक्कर झाली तर बुडतं ते प्रॅक्टिकल.

क्रेडिटचं गणित एकदा समजून घ्या. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास, म्हणजे आठवड्याला चार तास धरले तर सगळे मिळून पंधरा दिवस. त्यातले तीन-चार गणपती, दिवाळी आणि लग्नांत गेले की राहिलं काय? शिवाय बहुतेक ठिकाणी ७५ टक्के हजेरीची अट असते.

पहिल्या वर्षाचे गुण 'पुढे कोण बघतं' असंही कोणी सांगेल. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट आहे. सहांत पहिलं सत्रही आलं.

> सावधान: विषय बदलायची खिडकी थोडे दिवसच उघडी असते. तारीख सूचनाफलकावर लागते, व्हॉट्सअॅप ग्रुपवर येईलच असं नाही.

## ३. नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) रिपीट करत असाल तर

हा टप्पा बाकीच्यांनी सोडला तरी चालेल. पण वर्गातली बरीच मुलं 'हातात काहीतरी असावं' म्हणून बी.एस्सी.ला बसलेली असतात, आणि त्यांच्याशी याबद्दल सरळ कोणी बोलत नाही.

दोन्ही डगरींवर हात ठेवून वर्ष काढता येतं, पण ठरवून. थिअरीचा बराच भाग तुम्ही बारावीत वाचलेला असतो. प्रॅक्टिकल मात्र घरी बसून होत नाही. म्हणून कॉलेजला आठवड्यातले प्रॅक्टिकलचे दिवस पूर्ण द्या, क्लास त्याभोवती बसवा, आणि हे तुमच्या विभागप्रमुखांना सुरुवातीलाच सांगून टाका. ते ओरडतील असं वाटतं. बहुतेक जण बॅच बदलून देतात. न सांगता गैरहजर राहिलात तर मात्र तुम्ही नुसता डिफॉल्टर.

कॉलेज सोडायचंच असेल तर लवकर सोडा. यूजीसी प्रवेश रद्द केल्यावरच्या फी परताव्याचं धोरण जाहीर करतं आणि त्यात पूर्ण परताव्याची शेवटची तारीख असते. ती उलटली की रक्कम कापली जाते. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

आणि दोन्हीतलं काहीच न करणं, म्हणजे कॉलेजात 'मी नीटवाला' आणि क्लासात 'मी कॉलेजवाला', यात दोन्ही वर्षं जातात.

## ४. लॅबची खरेदी

लागतं ते एवढंच: पूर्ण बाह्यांचा सुती अॅप्रन, डिसेक्शन बॉक्स, एचबी पेन्सिल, खोडरबर, पट्टी, स्लाइड आणि कव्हरस्लिपची एकेक डबी, एक जुना मऊ सुती रुमाल, आणि विभागाने सांगितलेलं जर्नल.

अॅप्रन टेरिकॉटचा घेऊ नका. स्पिरिट दिव्याजवळ सिंथेटिक कापड अंगाला चिकटतं. पायात बंद बूट. चप्पल घालून आलेल्याला अॅसिडच्या प्रॅक्टिकलला बाहेर काढलं तर तो छळ नव्हे.

'डिसेक्शन बॉक्स कशाला, बेडूक तर आता कापत नाहीत' असं विचारतात. खरं आहे, यूजीसीने २०१४ मध्ये प्राणी-विच्छेदन थांबवायला सांगितलं आणि आता त्या जागी चार्ट, मॉडेल, व्हिडिओ आणि सिम्युलेशन आली. पण त्या डबीतल्या सुया, चिमटे आणि ब्रश वनस्पतींचे सेक्शन आणि माउंटिंगला रोज लागतात. महागडी डबी नको. चिमट्याची टोकं एकमेकांवर नीट बसतात का एवढं दुकानातच बघा.

विकत घेऊ नये अशा गोष्टी: स्वतःचा मायक्रोस्कोप, पहिल्या महिन्यात जाडजूड संदर्भग्रंथ, आणि सिनियरचं भरलेलं जर्नल. पुस्तकांसाठी ग्रंथालयात बुक बँक असते का ते विचारा. बऱ्याच कॉलेजांत सत्रभरासाठी संच मिळतो आणि तो 'पहिले येतील त्यांना' असतो, म्हणून जुलैतच जा.

## ५. पहिली चार प्रॅक्टिकल्स: हात बसवण्याची वेळ

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबू.

मायक्रोस्कोप. क्रम असा: दिवा किंवा आरसा जुळवा, सगळ्यात कमी शक्तीचं ऑब्जेक्टिव्ह लावा, बाजूने बघत बघत स्टेज आणि लेन्स जवळ आणा, मग डोळा आयपीसला लावून मोठा स्क्रू दूर नेण्याच्या दिशेने फिरवा. चित्र दिसलं की छोट्या स्क्रूने स्वच्छ करा. त्यानंतरच ४५ एक्स. हाय पॉवरवर मोठ्या स्क्रूला हात लावायचा नाही. कव्हरस्लिप फुटल्याचा बारीक 'कट्' आवाज दर वर्षी पहिल्या आठवड्यात लॅबभर ऐकू येतो, तो यामुळेच. आयपीस १० एक्स आणि ऑब्जेक्टिव्ह ४५ एक्स म्हणजे ४५० पट. आकृतीखाली हेच लिहायचं असतं.

१०० एक्सचं ऑब्जेक्टिव्ह तेलात वापरतात. काम झाल्यावर लेन्स पेपरने पुसा. अॅप्रनच्या टोकाने पुसलेली लेन्स पुढच्या वर्षीच्या मुलांना धुरकट मिळते.

सेक्शन. सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा आहे असं धरू.

१. खोडाचा साधारण दोन इंचांचा तुकडा डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत उभा धरा. अंगठा बोटापेक्षा किंचित खाली ठेवा, नाहीतर ब्लेड अंगठ्यावर येतं.

२. ब्लेड नवं हवं. दुधारी ब्लेड असेल तर हाताकडच्या धारेला कागदाचं वेष्टण तसंच राहू द्या. ब्लेड आणि खोडाचा माथा दोन्ही पाण्याने ओले करा.

३. ब्लेड आडवं ठेवून एकाच ओढीत स्वतःकडे आणा. करवतीसारखं मागेपुढे केलं की पेशी फाटतात.

४. वीस-पंचवीस छेद वॉच ग्लासमधल्या पाण्यात सोडत जा. एक घेऊन थांबू नका. त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ पारदर्शक निवडा. तो पूर्ण गोल नसला तरी चालतो. पातळ पाव भाग हा जाड पूर्ण गोलापेक्षा कितीतरी चांगला.

५. ब्रशने उचलून सॅफ्रनिनमध्ये मिनिट-दोन मिनिटं ठेवा, पाण्यात धुऊन जादा रंग काढा. झायलमसारख्या लिग्निन असलेल्या भिंती लाल दिसायला हव्यात. सगळंच लाल दिसत असेल तर आणखी धुवा.

६. स्लाइडवर ग्लिसरीनचा एक थेंब, त्यात छेद, आणि कव्हरस्लिप सुईच्या आधाराने तिरकी टेकवत हळूहळू सोडा. वरून सपाट टाकली की हवा अडकते.

हवेचा बुडबुडा म्हणजे जाड काळ्या कडेचा, आतून चकचकीत, अगदी गोल आकार. दर वर्षी कोणी ना कोणी तो 'मोठी पेशी' म्हणून काढून, नाव देऊन, बाण मारून आणतो. शंका आली तर कव्हरस्लिपवर सुईने हलकेच दाबा. सरकला तर बुडबुडा.

> तपासा: व्हॅस्क्युलर बंडल एका वर्तुळात मांडलेले दिसतात का? दिसले तर द्विदल खोड. मक्याच्या खोडात ते विखुरलेले दिसतील. स्वतःच्या स्लाइडवर हा फरक दिसेपर्यंत पुढच्या प्रॅक्टिकलकडे जाऊ नका, स्लाइड पुन्हा करा.

लाल-हिरव्या रंगांत फरक करणं अवघड जात असेल तर पहिल्याच दिवशी शिक्षकांना सांगा. लाजण्यासारखं काही नाही. सॅफ्रनिन आणि फास्ट ग्रीनची स्लाइड तुम्हाला एकसारखी दिसत असेल तर वेगळा रंग वापरता येतो किंवा रचनेवरून ओळखायला शिकवता येतं. न सांगता वर्षभर शेजाऱ्याची आकृती उतरवत राहणारी मुलं असतात.

आणि लॅब अटेंडंट मामांशी ओळख करा. कुठली स्लाइड कुठल्या कपाटात आहे, कुठल्या मायक्रोस्कोपचा स्क्रू सैल आहे, स्पॉटिंगला (परीक्षेत नमुना ओळखण्याच्या प्रश्नाला) कुठली बरणी हमखास ठेवतात, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. रिकाम्या वेळी स्पेसिमेन पुन्हा बघायचे असतील तर विभागप्रमुखांची परवानगी घ्या, पण विचारायचं मामांना.

## ६. जर्नल: त्याच आठवड्यात, त्याच पानावर सही

सर्टिफाइड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. नियम सगळ्यांना पाठ असतो, तरी शेवटच्या आठवड्यात स्टाफ रूमबाहेर जर्नलांचा ढीग घेऊन रांग लागतेच.

आकृती पेन्सिलने, एका सलग रेषेत काढा. शेडिंग करायचं नाही. गडद भाग दाखवायचा असेल तर ठिपके. नावं उजव्या बाजूला, रेषा पट्टीने आडव्या आणि एकमेकींना न छेदणाऱ्या. आकृतीखाली नाव, कशाचा कुठला छेद, आणि किती पट. चित्रकला चांगली असणाऱ्या मुलांचे गुण इथे उगाच जातात, कारण ती पुस्तकातली देखणी आकृती काढतात. परीक्षकाला स्लाइडवर दिसलेलं हवं असतं.

कच्ची आकृती लॅबमध्येच स्लाइड बघत काढा. त्याच रात्री पक्की. पुढच्या प्रॅक्टिकलला सही. सही राहिली तर तारीख लिहून कडेला खूण करा, आणि दोनपेक्षा जास्त सह्या साचू देऊ नका.

हर्बेरियम सांगितलं असेल तर झाड फुलासकट घ्या, वर्तमानपत्रात दाबा आणि पहिले काही दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात कागद बदलला नाही की बुरशी येते आणि सगळं काळं पडतं. गोळा केल्याची तारीख, ठिकाण, झाडाची उंची आणि फुलाचा रंग तिथेच लिहा. वाळल्यावर रंग ओळखू येत नाही.

> सावधान: अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा देवराईतून काहीही तोडून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा विद्यार्थ्यालाही लागू आहे. कीटकांचा संग्रह मागितला असेल तर आधी विचारा, फोटोंचा अल्बम चालतो का. बहुधा चालतो.

## ७. मराठी माध्यमातून आलात तर

व्याख्यान अर्धं डोक्यावरून जातं ते कल्पना अवघड असते म्हणून कमी, आणि शब्द अनोळखी असतात म्हणून जास्त. पेशीविभाजन तुम्हाला येतं, मायटोसिस ऐकू आलं की अडायला होतं.

एक छोटी वही करा, तीन रकाने: इंग्रजी संज्ञा देवनागरीत उच्चारासह, मराठी शब्द, आणि आपल्या भाषेत एका ओळीचा अर्थ. भाषा संचालनालयाचे जीवशास्त्राशी संबंधित परिभाषा कोश ऑनलाइन फुकट बघता येतात, मराठी विश्वकोशही. उद्याच्या तासाचा धडा आदल्या रात्री दहा मिनिटं नुसता चाळा आणि त्यातले नवे शब्द वहीत उतरवा. समजून घ्यायची घाई नको. शब्द आधी कानावरून गेला असेल तर तासाला लक्ष अर्थाकडे जातं.

उत्तर कुठल्या भाषेत लिहायची मुभा आहे हे परीक्षा विभागाकडून लेखी समजून घ्या, ऐकीव माहितीवर जाऊ नका. एकाच वाक्यात इंग्रजी संज्ञा आणि मराठी वाक्यरचना अशी सरमिसळ करण्याआधी शिक्षकांना विचारा.

व्हिडिओ बघायचे तर स्वयम् आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर आहेत. पण आधी कॉलेजची नोट्स आणि अभ्यासक्रमाची पीडीएफ. अभ्यासक्रम न वाचता व्हिडिओ बघणारी मुलं डीएनए रेप्लिकेशनचे चार व्हिडिओ बघतात आणि प्रश्नपत्रिकेत ब्रायोफायटा येतं.

## ८. शिष्यवृत्ती: अर्ज भरणं हे अर्धंच काम

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरला की मुलं निर्धास्त होतात. अर्ज तिथून कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे आणि पुढे खात्याकडे जातो. कागद अस्पष्ट असेल तर 'सेंड बॅक' होऊन तुमच्याकडे परत येतो आणि तुम्ही लॉगिनच केलं नाही तर तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला एकदा स्थिती बघा.

कोणी कुठे बघायचं:

- अनुसूचित जाती-जमाती: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. उत्पन्न जास्त असेल तर फ्रीशिपचा (फी माफीचा) पर्याय तपासा.
- वसतिगृह न मिळालेले: अनुसूचित जातींसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार, जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो. तोच न भरल्यामुळे अनेकांचा हक्क जातो.
- खुला प्रवर्ग: राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न आठ लाखांपर्यंत.
- बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत: केंद्राची योजना, उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत, पदवीला वर्षाला १२ हजार. हा अर्ज महाडीबीटीवर नाही, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर.
- वरच्या एक टक्क्यात: इन्स्पायरची उच्च शिक्षण शिष्यवृत्ती, वर्षाला ८० हजार. ही मूलभूत विज्ञानांसाठी आहे. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री यादीत आहेत. पदवीचं नाव बायोटेक असेल तर अर्जाआधी विषयांची यादी नीट वाचा.

हातखर्चासाठी 'कमवा आणि शिका' योजना असेल तर विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना जुलैतच भेटा. बॉटनीच्या मुलांना बागेचं किंवा हर्बेरियमचं काम मागता येतं, पैशाबरोबर ओळखही वाढते.

> तपासा: मंजूर झालेली शिष्यवृत्ती दुसऱ्या वर्षी आपोआप चालू राहत नाही. नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो.

## ९. अडलं तर कोणाकडे, कुठल्या क्रमाने

थेट प्राचार्यांकडे जाणं किंवा कोणाकडेच न जाणं, बहुतेक जण या दोन टोकांवर असतात. मधल्या पायऱ्या अशा:

विषय समजत नाही: आधी त्याच विषयाचे शिक्षक, तासानंतर नव्हे तर त्यांनी सांगितलेल्या वेळी. मग मेंटॉर. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मेंटॉर शिक्षक नेमलेला असतो आणि निम्म्या वर्गाला त्यांचं नावही माहीत नसतं. विभागाच्या सूचनाफलकावर यादी बघा. रेमेडियल तास चालू आहेत का तेही त्यांनाच विचारा.

विचारताना 'सर, काहीच समजलं नाही' म्हणू नका. त्यावर शिक्षकही काही करू शकत नाहीत. संदेश असा पाठवा:

*'नमस्कार मॅडम, मी एफ.वाय. बी.एस्सी., बॅच बी, रोल नंबर अमुक. मिओसिसमध्ये क्रॉसिंग ओव्हर कुठल्या अवस्थेत होतं ते समजलं, पण गुणसूत्रांची संख्या पहिल्या विभाजनात निम्मी होते की दुसऱ्या, यात गोंधळ होतोय. बुधवारी प्रॅक्टिकलनंतर दहा मिनिटं भेटता येईल का?'*

हजेरी कमी झाली: डिफॉल्टर यादी लागण्याआधी विभागप्रमुख. आजारपणाचा दाखला आजारी असतानाच द्या. नोव्हेंबरात आणलेला ऑगस्टचा दाखला कोणी धरत नाही.

निकाल, गुण, एटीकेटी (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्गात जाणं): परीक्षा विभाग. छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाच्या मुदती निकालाच्या तारखेपासून मोजतात.

दिव्यांग विद्यार्थी: लेखनिक आणि तासाला २० मिनिटांचा जादा वेळ मिळतो, पण अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यावा लागतो. प्रॅक्टिकलसाठी काय सोय हवी ते वेगळं लिहा.

छळ, रॅगिंग: अँटी-रॅगिंग समिती, किंवा थेट राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, लेखी. कॉलेजने दाद दिली नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचे लोकपाल.

मन लागत नाही, झोप उडाली, घरची आठवण, सगळं सोडून द्यावंसं वाटतं: कॉलेजचे समुपदेशक असतील तर ते, नसतील तर टेलि-मानस १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नीटचा निकाल लागल्यावरचे आठवडे आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेआधीचे दिवस सगळ्यात जड जातात. रूममेट गप्प झालेला दिसला तर त्याला एकटं सोडू नका, सोबत बसून फोन लावून द्या.

## १०. पहिल्या सत्रानंतर कॉलेजबाहेर

हे आधी करू नका. जर्नल पूर्ण आणि हजेरी ठीक असेल तरच.

झाडं ओळखायची गोडी असेल तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका, जाणकार ओळख सांगतात. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. भेटीसाठी विभागामार्फत पत्र द्या, एकटे जाऊन दारात उभे राहू नका. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमाराला अनेक संशोधन संस्था सगळ्यांसाठी खुल्या असतात.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी आहे. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचे अर्ज आदल्या वर्षीच बंद होतात. त्यात शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. तुमचं नाव आणि काम ओळखणारे एक तरी शिक्षक तोवर हवेत, म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी मेंटॉरांना एकदा भेटून या, आणि जाताना सह्या झालेलं जर्नल सोबत न्या.